बद्द वाजणारा दगड

मुरबाडजवळच्या आमच्या माळावर साडेतीनशे मीटर खोल भोक पाडलंय. त्यातून निघालेले दगडाचे दांडे पेट्यांत ओळीने लावायचे, हे माझं काम. आधी मी तिथे फक्त स्वयंपाक करायचे. मग पेट्यांवरचे आकडे वाचत गेले, दीप्तीला प्रश्न विचारत गेले आणि एक दिवस पेट्या माझ्याच ताब्यात आल्या. भाकऱ्या मात्र सुटल्या नाहीत.

दीप्ती आसनगावची. खडकाच्या पोटात डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात का, ते शोधायला आलेली. दर दहा मीटरला एक तुकडा पिशवीत भरून प्रयोगशाळेत पाठवायचा, हा आमच्या कामाचे प्रमुख नरेंद्र सर यांचा नियम. तेहेतीस तुकडे गेले, एकातही काही सापडलं नाही. उरलेल्या दोन पिशव्याही रिकाम्या निघाल्या तर तिचं काम बंद होणार होतं.

"मावशी, हा खडक मेलेला आहे," ती म्हणाली.

"नाय गो. तू नुसत्या भिंतीच तपासतेस. दार कुठाय ते कुठं बघितलंस?"

हातमोजे घालून मी शेवटच्या पेटीतला दांडा हातोडीने हळूच वाजवत गेले. टणटण, टणटण, आणि एका जागी बद्द. शहापूरच्या बाजारात मडकं असं वाजलं असतं तर कुंभाराला दोन शब्द ऐकवून मी ते परत ठेवलं असतं.

"इथं आत चीर आहे. दोन्ही पिशव्या याच दांड्यातून भर. एक टणटणमधून, एक बद्दमधून. मधे वीतभर अंतर."

"सर ओरडतील."

"ओरडू दे. माझी भाकर खाल्ली की आवाज उतरतो त्यांचा."

मग तिने दांडा फोडला. चीर पांढऱ्या खड्यांनी भरलेली, आतून ओलसर.

पंधरा दिवसांनी प्रयोगशाळेतून तिचा फोन आला.

"मावशी, टणटण रिकामी."

"आणि बद्द?"

"गजबजलेली. तीन-चार जाती आहेत त्यात."

"प्रकार म्हण गो. तिथं खाली तरी जाती नकोत."

ती इतकी हसली की फोन कापला गेला.

दुसऱ्या दिवशी नरेंद्र सर नवी हातोडी घेऊन आले. "वंदनाताई, सगळ्या पेट्या पहिल्यापासून वाजवायच्यात. बसता का?"

"बसते," मी म्हटलं, "पण भाकरीच्या पिठाची उकड गार होतेय. आधी भाकऱ्या."

सर हातोडी मांडीवर ठेवून चुलीशेजारी बसले.