टेडी संपल्यावरचा गोल

आमच्या तळघरात भाड्याने राहणारा ग्रँट आमच्या गावच्या आइस हॉकी संघात आघाडीला खेळतो. हंगामातले एकवीस सामने झाले तरी त्याचा गोल एकही नाही! प्रशिक्षकांनी सकाळीच बजावलं होतं, "आज गोल नाही, तर नाताळाआधी तू घरी."

त्यात आज टेडीचा सामना. आमचा पहिला गोल झाला की इस्पितळातल्या मुलांसाठी सगळे प्रेक्षक टेडी अस्वलं बर्फावर फेकतात.

दुसऱ्या सत्रात ग्रँटनेच गोल मारला! चार हजार टेडी धो धो कोसळले. ते उचलता उचलता अर्धा तास गेला, आणि मग पंच म्हणतात, "चकती काठीने नाही, पायाने ढकलली. गोल रद्द."

"आजोबा, चष्मा घरी राहिला का?" आई पंचांवर ओरडली.

शेवटच्या मिनिटाला ग्रँटने पुन्हा फटका हाणला. चकती थेट जाळ्यात! पण आता फेकायचं काय? मी माझी कानटोपी भिरकावली. मागून मफलर, हातमोजे, कुणाचा तरी एक बूटसुद्धा!

"राहा रे बाबा, राहा!" प्रशिक्षक बाकावर चढून ओरडत होते. ग्रँट नुसता आ वासून वर बघत होता, आणि अख्खं गाव अंगावरचं काढून त्याच्यावर उधळत होतं.