शिल्लक कूर्चा

उमरेडच्या प्रेमिलाबाईंचं नाक डॉक्टर गणपतराव मोहरीलांनी बरगडीची कूर्चा लावून एकदा उभं केलं होतं, आणि वर्षभरात ते डावीकडे कलंडलं होतं. बरगडीची कूर्चा, म्हणजे हाडाहून मऊ असा तो लवचीक भाग, दोन्ही अंगांनी सारखी तासली नाही तर पुढे वाकते, हे ते विद्यार्थ्यांना आयुष्यभर सांगत आले होते. मग आपलाच हात कसा चुकला? या विचाराने त्यांची झोप उडाली होती. विलायतेच्या पदव्या धंतोलीतल्या दवाखान्याच्या भिंतीवर होत्या, पण पदव्या काही चाकू धरत नाहीत.

प्रेमिलाबाई मात्र आज दुसऱ्या शस्त्रक्रियेलाही खुशीत होत्या. त्या हातमागावर लुगड्यांचे काठ विणत. बसक्या नाकावर चष्मा टिकत नसे, कलंडलेल्यावरूनही घसरे, आणि चष्म्याविना बारीक धागा दिसत नसे. मागच्या वेळी उरलेला कूर्चेचा ओबडधोबड तुकडा गणपतरावांनी बाईंच्याच छातीच्या कातडीखाली जपून ठेवला होता. आता सगळी भिस्त त्यावर. तो बिघडला की माग कायमचा बंद.

फक्त तेवढी जागा बधिर केलेली, त्यामुळे बाईंचं तोंड मोकळंच होतं.

"डॉक्टरसाहेब, तुमचं तोंड काहून वाकडं झालं? सुई तर मले टोचली!"

"चूप राहा वं, प्रेमिला. नाक हलते," सिस्टर सिंधूताई हसू दाबत म्हणाल्या.

"हलू द्या. हलता हलता सरळ तर होईन! आन् तो तुकडा लय गुदगुल्या करते जी. जसं आत कोणी बसून कोरून राहिलं."

"टाके ओढत असतील," गणपतराव म्हणाले. टाके केव्हाच काढले होते.

त्यांनी छातीवरची जुनी खूण उघडली. तुकडा अलगद बाहेर आला, आणि ते बघतच राहिले. वर नाजूक धार, खाली होडीसारखा खोलगट, दोन्ही कडा तंतोतंत सारख्या.

"काय सुबक कोरून ठेवला होता, साहेब!" सिंधूताई म्हणाल्या.

आपणच कोरला असेल आणि विसरलो असू. या वयात काय सांगावं? त्यांनी तो नाकात सरकवला. तो असा बसला, की नाक ओळंब्यासारखं सरळ झालं. गणपतरावांना लहान मुलासारखं हसू फुटलं.

"चष्मा बसन का जी?"

"बसेल!" कित्येक वर्षांत ते इतक्या ठामपणे बोलले नव्हते.

नाक शिवून झालं. छातीची जखम शिवण्याआधी त्यांनी सवयीने आत बोट फिरवलं. बोटाला काहीतरी लागलं. ठेवला तर एकच तुकडा होता.

"तो राहू द्या जी," प्रेमिलाबाई डोळे मिटूनच प्रेमाने म्हणाल्या. "तो अजून व्हायचा हाये."

गणपतरावांनी न बघता चाचपलं. रुंद पाठ, मधोमध उंचवटा, शेंड्याकडे किंचित उजवं वळण. रोज दाढी करताना आरशात आपलं नाक दिसावं तसं.

"साहेब, हात खाली!" सिंधूताई ओरडल्या. "हातमोजा तुमच्या नाकाला लागंन!"