मंद कोण, पाय की गाडी?

साकेतनं आईची गाडी विकायचं ठरवलं आणि आईला सांगितलं कधी, तर रविवारी सकाळी पोहे खाताखाता.

"दुपारी एक जण येतोय बघायला. किल्ली टेबलावर ठेव."

वासंतीबाईंचा घास हातातच राहिला. बाई पासष्टीच्या, पण गाडीवर हात पक्का. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरात होत्या तेव्हापासून दिल्लीच्या बसवाल्यांशी भांडत गाडी चालवलेली. आता राहायला दिल्लीबाहेर वसुंधरा वसाहतीत आल्या, तरी दर शनिवारी मराठी पोरांना गाणी शिकवायला तिकडंच जायच्या. पेटी मागच्या सीटवर, बाई पुढं. मेट्रोत पेटी कोण उचलणार? गाडी गेली की पेटी घरात, आणि बाईही घरात. एवढा साधा हिशोब होता.

साकेतही काही दुष्ट नव्हता हो. काल हायवेला लागताना बाईंनी ॲक्सिलरेटर दाबला, तर गाडी ढिम्म. मागून ट्रक भोंगा वाजवत अंगावर आलेला. मग एकदम आचका देऊन सुटली. शेजारी बसलेल्या साकेतचं तोंड चुन्यासारखं पांढरं.

"आई, तुझा पाय स्लो झालाय. एज आहे यार, त्यात काय!"

"यार कुणाला म्हणतोस रे? आणि दिवाळीआधी नोएडाला फराळ पोचवला, तेव्हा हीच गाडी वाऱ्यासारखी पळाली. पंधरा दिवसांत पाय म्हातारा होतो होय?"

"काल लगेच वर्कशॉपवाल्यानं कॉम्प्युटर लावून बघितलं ना? फॉल्ट नाही म्हणाला."

"बोनेटमध्ये हात तरी घातला का मेल्यानं?"

पेपराआडून विश्वासराव बोलले. विश्वासराव म्हणजे बाईंचे यजमान. "वासंती, पोरगा म्हणतोय तर ऐक. माझ्याही लक्षात आलंय ते."

"तुमच्या? अहो, कपाळावरचा चष्मा तुम्ही घरभर शोधता!"

बाईंनी किल्ली उचलली ती टेबलावर ठेवायला नाही. पदर खोचला, जिना उतरल्या आणि गाडी सोसायटीच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर काढली. बापलेक मागोमाग खाली, तमाशा बघायला.

आधी पायाखालची मॅट काढून फेकली. पेडलखाली ती अडकत असेल तर? दाबून बघितलं. पेडल खालपर्यंत जात होतं, गाडी तशीच रेंगाळत होती.

"झालं समाधान?" साकेत.

"गप उभा राहा."

मग बाई आवाज ऐकत बसल्या आणि डोळे इंजिनाच्या काट्यावर ठेवले. क्लच घसरत असता तर काटा वर पळाला असता, इंजिन बोंबललं असतं आणि गाडी मागं राहिली असती. इथं काटाच लोळत पडलेला. दाबलं की इंजिन आधी घुसमटल्यासारखं गुरगुरायचं, मग कण्हत उठायचं.

बाईंचा हात थांबला. हा आवाज ओळखीचा होता. पेटीची पट्टी दाबावी आणि सूर मागाहून यावा, दमेकऱ्यासारखा. अशा वेळी बोटाला कोण शिव्या देतं? भाता बघतात. वारा पोचत नसतो.

"हिला वारा मिळत नाहीये," बाई म्हणाल्या आणि बोनेट उघडलं.

"आई, हात भाजेल! कुठलं काय माहिताय तुला?"

"माहीत नाही, पण वारा जाणार कुठून? पाइपातूनच ना?" जाडा काळा पाइप होता, त्याच्यावर बोट फिरवत त्या एका डब्यापाशी पोचल्या. डब्याच्या खिट्ट्या घट्ट. दोन नखं तुटली, तिसरी खिट्टी साकेतच्या हातात राहिलेल्या पोह्यांच्या चमच्यानं उचकटली. झाकण वर झालं.

आत एअर फिल्टर होता, आणि त्याच्यावर नीट चार घड्या करून बसवलेलं एक फडकं. काजळीनं काळंकुट्ट, घोंगडीसारखं जाड झालेलं. बाईंनी ते दोन बोटांनी उचललं. कडेला लाल दोऱ्याची टीप होती. स्वतःच्या हातानं घातलेली टीप बाई विसरतील होय?

"हे माझं चक्क्याचं फडकं!"

साकेतनं बापाकडं बघितलं. बाप आकाशाकडं बघत होता.

"अगं, दिवाळीत हवा किती भयंकर होती," विश्वासराव पुटपुटले. "आपण सगळे मास्क लावून फिरत होतो. म्हटलं, तिनंच काय घोडं मारलंय?"

"म्हणून चार घड्या?"

"तूच म्हणतेस ना, पातळ फडक्यातून दही खाली येतं."

साकेत हसला तो खाली बसूनच. बाई नाही हसल्या. "माझा पाय मंद झाल्याचं तुमच्याही लक्षात आलं होतं, नाही का? आता हे धुवा. साबण न्हाणीघरात आहे."

फिल्टर झाडला, झाकण लावलं. "साकेत, बस गाडीत."

हायवेच्या त्याच तोंडाशी गाडी आली. आरशात ट्रक दिसत होता. साकेतनं वरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं. बाईंनी पाय दाबला आणि गाडी अशी उसळली, की ट्रक आरशात बघताबघता खेळण्याएवढा झाला.

साकेतनं हँडल सोडलं.

"सॉरी, आई."

"ऐक. उद्या माझा पाय खरंच मंद झाला, तर किल्ली मीच तुझ्या हातात देईन. तुला मागावी लागणार नाही. पण गाडीचं दुखणं माझ्या नावावर लावायचं नाही."

"नाही लावणार. आई, यूटर्न गेला, घर मागं राहिलं."

"राहू दे. आधी त्या माणसाला फोन लाव."

साकेतनं मोबाईल काढला. "हां भाईसाब, वो गाड़ी के बारे में... नहीं नहीं, खराब नहीं है. मम्मी चला रही हैं."