आठवी टोपी

नवरा-बायकोच्या अबोल्याचा तिसरा दिवस होता, आणि दोघं तळघरातल्या दप्तरखान्याच्या दाराशी आग विझवायची यंत्रणा तपासायला उभे होते.

वरच्या मजल्यांचं काम सोपं. तिथे छतात पाण्याचे फवारे. उष्णता लागली की काचेची कुपी फुटते, पाणी येतं, माणूस फार तर चिंब भिजतो. दप्तरखान्यात जुने कागद, तिथे पाणी चालत नाही. म्हणून बाहेर जाळीमागे गॅसचे आठ सिलिंडर. हा गॅस आगीचा श्वास कोंडतो, आणि आत माणूस असेल तर त्याचाही.

प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर वायर जोडलेली टोपी. दाराशेजारच्या नियंत्रण-पॅनेलचा हुकूम आला की टोपीतली सुई खाली उडते आणि सिलिंडर उघडतो. एक उघडला की त्याच्या दाबानं बाकीचेही उघडतात. म्हणून चाचणीआधी आठही टोप्या काढून फडक्यावर ठेवायच्या. अकरा वर्षांची रीत होती: तो काढणार, ती मोठ्यानं मोजणार. तिचं ‘आठ’ ऐकल्याशिवाय तो आत पाऊल टाकत नसे.

पण परवा तिच्या बहिणीसमोर त्याची जीभ सैल सुटली. “हिला काय काम? घाम मी गाळतो, ही आपली आठपर्यंत मोजते.” सगळे खो खो हसले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आज तो टोप्या काढत होता तेव्हा ती पॅनेलकडे तोंड करून गप्प उभी राहिली. मोजू दे स्वतःच, एवढा हुशार आहे तर.

ती बोलत नाही म्हणजे फुगलीय, एवढंच त्यानं धरलं. नियमाप्रमाणे पॅनेल बंद करायची एकुलती चावी खिशात टाकली, कानांवर जाड संरक्षक चढवले आणि भोंग्याचा आवाज मोजायला आत गेला. दार आपोआप मिटलं. तिनं चाचणी सुरू केली.

भोंगा ठणाणला. पॅनेलच्या पडद्यावर हुकूम सुटायला उरलेल्या सेकंदांचे आकडे उतरू लागले. तीस, एकोणतीस, अठ्ठावीस. तिची नजर सहज फडक्याकडे गेली. सात.

तिनं परत मोजल्या. सातच. कोपऱ्यातल्या शेवटच्या सिलिंडरवर, पाइपाच्या आडोशाला, टोपी जशीच्या तशी होती.

तिचा अंगठा ‘थांबवा’च्या बटणावर आदळला आणि आकडे नऊवर थांबले. पण ते बटण दाबून धरलं तरच थांबवतं. सोडलं की नऊ सेकंद. सिलिंडर आठ पावलांवर, जाळीपलीकडे, आणि टोपीचे आटे सोडवायलाच अर्धं मिनिट लागतं. तिनं घसा फाटेस्तोवर हाक मारली. डाव्या हातानं फोन लावला, तर तो तिच्याच पायाशी, त्याच्या पिशवीत थरथरला.

तो बाहेर येईपर्यंत बटण धरून ठेवणं, एवढंच उरलं. हा माणूस कामात चिकट. चारही कोपरे, मग प्रत्येक दोन कपाटांमधली जागा, मग शंका आली की पुन्हा पहिला कोपरा. याच गुणाचं ती लोकांत कौतुक करायची. आज तिनं त्या गुणाला शिव्या घातल्या. अंगठा बधिर झाला, घामानं सरकू लागला. तिनं त्यावर दुसरा अंगठा दाबला. “ये रे बाहेर, ये रे राजा,” ती पुटपुटत राहिली.

चौदा मिनिटांनी दार उघडलं. तो कानांवरचं काढत हसतच बाहेर आला, अबोला विसरून. “मागच्या कोपऱ्यात आवाज जरा कमी... अगं, बटण का धरलंयस?”

“शेवटचा सिलिंडर!” ती किंचाळली.

त्यानं वळून पाहिलं. धावत जाऊन त्यानं टोपी सोडवली, तळहातावर घेतली. “सोड आता,” तो ओरडला. तिचे अंगठे सुटेनात. शेवटी तिनं सगळा हातच मागे ओढला. नऊ सेकंद गेले आणि सुई उडून त्याच्या तळहातात रुतली. रक्ताच्या थेंबाकडे तो बघत राहिला.

“मी मुद्दाम मोजल्या नाहीत,” ती म्हणाली. भोंग्यात ते बुडून गेलं.

त्यानं येऊन चावी फिरवली. भोंगा थांबला. “चूक माझी,” तो म्हणाला. “पाइपाआड दिसलीच नाही मला. तू होतीस म्हणून वाचलो गं.” मग तिच्या तोंडाकडे बघून, “आत्ता काय म्हणालीस?”

तिनं ‘काही नाही’ म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. बोळात आता एवढी शांतता होती की तिला त्याचा श्वास ऐकू येत होता.

तिनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं.