ब्रेकबाईंची डावी बाजू

गाडी शिकवणाऱ्या बाईंना शिकाऊ मंडळी ब्रेकबाई म्हणत. बावीस वर्षं त्या शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटवर बसत आल्या होत्या आणि त्या सीटपुढे त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक होता. शिकाऊ कितीही घाबरो, गाडी कितीही बावरो, बाईंचा पाय हलला की जग जागच्या जागी थांबे. या एका ब्रेकनं त्यांना कायमचं बिघडवून ठेवलं होतं. दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसल्या की उजवा पाय आपोआप खाली दाबला जाई. नणंदेच्या गाडीतल्या चटईला त्यांनी असंच भोक पाडलं होतं.

आणि आता ज्याच्यापुढे कुठलाच ब्रेक चालेना असं काहीतरी त्यांच्या डाव्या स्तनात सापडलं होतं. वाटाण्याएवढी गाठ. कॅन्सरची, पण लवकर सापडलेली. "लवकर सापडली हो," असं जो तो म्हणे, जणू गाठीनं वेळेवर हजर राहून उपकारच केले होते.

डॉक्टरीणबाईंनी दोन वाटा समजावल्या होत्या. गाठ आणि तिच्या भोवतीची थोडी किनार तेवढी काढायची, जखम भरली की चार आठवडे, शनिवार-रविवार सोडून, रोज किरणं घ्यायची. नाहीतर सगळा स्तन काढायचा, मग किरणं बहुधा लागणार नाहीत. "आयुष्य दोन्हीकडे सारखंच. पहिल्या वाटेनं तिथंच पुन्हा उगवायची शक्यता किंचित जास्त, पण आपण तपासत राहू. यात चुकीचं उत्तर नाही. गुरुवारी सांगा."

चुकीचं उत्तर नाही असा प्रश्न ब्रेकबाईंना जन्मात कुणी घातला नव्हता. त्यांच्या परीक्षेत तर तीन चुका झाल्या की माणूस घरी.

नणंदबाई मोठ्या उत्साहाच्या. त्यांनी ब्रेकबाईंच्या फ्रिजवर दोन चौकोन आखले आणि लाल-पिवळी लोहचुंबकं लावून येणाऱ्याजाणाऱ्याचं मत घ्यायला सुरुवात केली. मीटर बघायला आलेल्या माणसानं विचारलं, हे काय, तर त्याचंही घेतलं.

"आमच्याकडे मीटर खराब झाला की अख्खाच बदलतात," तो म्हणाला आणि लाल चुंबक लावून गेला.

"ताई, त्यालाही सांगितलंत?" ब्रेकबाई म्हणाल्या.

"नाव नाही सांगितलं. 'एका बाईचं' म्हटलं."

"माझ्या फ्रिजवर?"

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. माणूस मितभाषी. तो चहाच्या कपात बघत म्हणाला, "तुला जे बरं वाटेल ते."

"गिऱ्हाइकाला असं सांगता का तुम्ही? तुला जे दिसेल ते दिसू दे म्हणून?"

"नाही. भिंगं घालतो आणि विचारतो, पहिलं बरं की दुसरं?"

"मग विचारा."

"पहिलं बरं की दुसरं?"

"दोन्ही सारखंच दिसतंय."

"असं गिऱ्हाईक म्हणालं ना, की समजायचं त्यानं डोळे मिटलेत."

ब्रेकबाईंनी कप विसळून पालथा घातला. "सगळंच काढून टाकू. एकदाच काय ते."

नणंदबाईंचे डोळे भरून आले. केवढी धीराची वहिनी. फ्रिजवरचं मतदान बंद झालं.

पण खरी गोष्ट निराळी होती, आणि ती एकट्या ब्रेकबाईंना ठाऊक होती. किरणांचं यंत्र होतं शेजारच्या शहरात, रिंगरोडनं पन्नास मिनिटांवर. ऑपरेशननंतर हात धड वळायला वेळ लागणार, किरणांनी थकवा येणार, म्हणजे स्वतः चालवणं नाही. वीस दिवस कुणाला तरी म्हणावं लागणार, मला न्या. आख्ख्या गावाला न्यायला शिकवलं होतं त्यांनी, पण 'मला न्या' हे दोन शब्द तोंडातून कधी काढले नव्हते. नवऱ्याला म्हणावं तर त्याला गाडी येत नव्हती. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनीच त्याला एक धडा दिला होता, त्यानंतर तीन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नव्हतं, आणि तेव्हापासून तो मागच्या सीटवर बसत असे.

आंघोळ झाली की त्या आरशापुढे उभ्या राहत. डावी बाजू जराशी खाली, उजवीची धाकटी बहीण असल्यासारखी. दोन्ही लेकरं याच कुशीला निजली, याच कुशीला रडली, याच कुशीवर दातही फुटले त्यांचे. सीटच्या पट्ट्यानं घासून घासून वरती फिकट रेघ उमटली होती. हा स्तन कुणाला दाखवायचा नव्हता, कुणासाठी राखायचा नव्हता. त्यांना तो हवा होता, एवढंच. मग त्या टॉवेल गुंडाळत आणि मनाशी म्हणत, एकदाच काय ते.

गुरुवारी दहाचा धडा होता आणि साडेदहाला डॉक्टरीणबाई. धडा रद्द करणं ब्रेकबाईंच्या रक्तात नव्हतं, म्हणून त्यांनी नवऱ्याला मागे बसवलं आणि धडा दवाखान्याच्या रस्त्यावरच घेतला. शिकायला होत्या लायब्ररीबाई. उभं आयुष्य ग्रंथालयात गेलेलं, त्यामुळे गाडीतही कुजबुजत बोलत. चारदा नापास. चौकात आल्या की त्या सगळ्यांना आधी जाऊ देत. "जा हो, तुम्ही जा," असं काचेआडून हळूच म्हणत. त्या दिवशी एका चौकात अकरा गाड्या, दोन सायकली आणि कुत्रा घेऊन निघालेले आजोबा पुढे गेले.

"तुमचा हक्क आहे पुढे जायचा," ब्रेकबाई म्हणाल्या.

"माहिती आहे हो. पण त्यांना घाई दिसते."

"मलाही आहे."

"तुम्ही बोलला नाहीत," लायब्ररीबाई कुजबुजल्या.

मागच्या सीटवर नवरा खिडकीबाहेर बघत राहिला.

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढला. "ठरलं?"

"ठरलं. सगळाच काढा."

"बरं. कारण विचारू? अडवायला नाही, मला लिहावं लागतं."

"रिंगरोड," ब्रेकबाई म्हणाल्या. खोटं उत्तर तयार करून आणलं होतं, पण तोंडातून हेच निघालं. "काम चालू आहे तिथं. एकच लेन. पुलापाशी सकाळी वीस मिनिटं काही हलत नाही."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "किती दिवस चालणार आहे काम?"

"फलकावर चार महिने लिहिलंय. म्हणजे आठ."

"आणि स्तन किती दिवसांसाठी काढायचाय?"

नवरा खुर्चीत वळला. "तू मला म्हणालीस, एकदाच काय ते."

"तेही आहेच."

"आणि मी दुकानात सगळ्यांना सांगतोय, आमची बायको कशालाच घाबरत नाही. तू रस्त्याच्या खड्ड्यांना घाबरलीस होय?"

"खड्ड्यांना नाही." ब्रेकबाई पर्सचा बंद पिळत होत्या. "वीस दिवस कुणाला म्हणू, मला न्या? तुम्हाला?"

"मला म्हण. बसनं नेईन, दोन बदलून. चालवता येत नाही म्हणून नेता येत नाही असं कुणी सांगितलं?"

ब्रेकबाईंनी पर्सचा बंद सोडला आणि त्या डॉक्टरीणबाईंकडे वळल्या. "शेजारच्या सीटवर बसून ब्रेक दाबता येईल का मला?"

"ब्रेक अजून पायानंच दाबतात ना? जखम भरलेली असेल, थकवा फार नसेल, तर बसा. पट्ट्याखाली मऊ उशी ठेवा. फक्त दुसऱ्याचं स्टिअरिंग हिसकावायचं नाही."

"ते मी कधीच हिसकावत नाही."

नवरा खोकला.

"मग काय लिहू?"

"गाठ तेवढीच काढा," ब्रेकबाई म्हणाल्या. आणि आवाज एकदम लहान झाला, शाळेत पहिल्यांदा हात वर करणाऱ्या पोरीसारखा. "हवाय मला तो."

बाहेर पार्किंगमध्ये लायब्ररीबाई अजून गाडी लावत होत्या. पाऊण तास झाला होता. दोन पांढऱ्या रेघांमध्ये एक चाक तेवढं गेलं होतं.

ब्रेकबाई खिडकीशी गेल्या आणि शिकवणीच्या आवाजात म्हणाल्या, "ऐका. दीडेक महिन्यानं चार आठवडे रिंगरोड. रोज सकाळी साडेआठ."

"बरं."

"बरं नाही." त्यांनी खिडकीची कड धरली. एकदा नवऱ्याकडे पाहिलं, तो चष्मा पुसायला लागला होता. "म्हणजे मला किरणं घ्यायला जायचंय. मला न्याल का?"

लायब्ररीबाईंनी इंजिन बंद केलं. "नेईन की. पण तोवर मी पास झाले तर? मग मी तुमची शिकाऊ उरणार नाही."

"होऊ नका," ब्रेकबाई म्हणाल्या, आणि शेजारचं दार उघडून आत बसल्या.