पहिला घोट

ताटात दुधाचे दोन पेले, गव्हाच्या खिरीची एक वाटी, दोन चमचे आणि थायरॉईडची एक पांढरी गोळी होती. आक्काताईंनी ताट पलंगाच्या कडेला टेकवलं. नुकत्याच त्या जैन मंदिरातून आल्या होत्या. मूर्तीच्या अभिषेकाचं, बोटावर राखून आणलेलं गंधोदक त्यांनी नवऱ्याच्या कपाळाला लावलं.

“उठा आवं. दूध निवतंय.”

बाळगोंडांनी पेल्याकडं पाहिलं, मग बायकोकडं. ओठ घट्ट मिटलेले.

“आधी तू.”

“मीच तापिवलंय, मीच वतलंय.”

“ज्याचा माल, त्यानं आधी खायचा.”

तासगावच्या बेदाणा बाजारात त्यांनी आयुष्यभर दलाली केली. बॉक्स फोडला की पहिली मूठ ते शेतकऱ्यालाच खायला लावत आणि तो चावत असताना त्याच्या चेहऱ्यावरून माल ओळखत. अर्धांगाच्या दुसऱ्या झटक्यानं गाव, सोबती, लेकाचं नाव, सगळं पुसून नेलं. एवढी सवय मात्र मागं राहिली. आता समोर आलेला प्रत्येक घास त्यांना संशयाचा वाटायचा.

आक्काताईंनी गोळी जिभेवर ठेवली आणि दुधाच्या मोठ्या घोटाबरोबर गिळली. वर खिरीचा एक चमचा. बाळगोंडांनी त्यांचा गळा हलताना नीट पाहिला, तेव्हा कुठं तोंड उघडलं.

“गोडी कमी हाय,” ते म्हणाले.

“तुमच्या साखरेला तेवढी बास. खावा मुकाट.”

त्याच आठवड्यात सून कीर्ती आक्काताईंना सांगलीला घेऊन गेली. डॉक्टर शरयू वयानं कीर्तीएवढ्याच होत्या. रिपोर्ट पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“पंचवीसची गोळी वाढवत दीडशेवर नेली. टीएसएच साडेचारच्या आत हवं, ते ब्याऐंशी आलंय. गोळी चुकते का, आक्काताई?”

“एक दिस न्हाई.”

“उपाशीपोटी घेता ना?”

“दर्शन झाल्याबिगर मी पाणी बी घेत न्हाई. आल्यावर घेती, दुधासंगं.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “दुधातलं कॅल्शियम गोळीला धरून ठेवतं. ती रक्तात पोचतच नाही. नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढं तासभर पोटात काही नको. पहाटे घ्या.”

“दर्शनाआधी न्हाई.”

“मग रात्री झोपताना.”

“दिवस मावळला की पाणी बंद. नेम हाय.”

“औषधापुरता नेम सोडतात की. तुमच्या महाराजांना विचारा हवं तर.”

“महाराज व्हय म्हणत्याल. पर नेम मी ह्यांच्यासाठी धरलाय. पहिल्या झटक्याला डॉक्टरांनी हात टेकलं हुतं. मी नेम बोलली आन सांजच्याला ह्यांनी डोळं उघडलं. आता माझ्या गोळीसाठी सोडू व्हय?”

“बरं. मंदिरातून आल्यावर घ्या आणि तासभर थांबा.”

“मी थांबीन. ते कसं थांबत्याल? साखरेचं माणूस, भूक लागली की लटालटा कापत्यात. आन मी खाल्ल्याबिगर खात न्हाईत.”

“दुसऱ्या कुणी चाखून दाखवलं तर?”

कीर्तीनं मान हलवली. “परवा माझ्या हातातली वाटी भिरकावली. मला ओळखतच नाहीत.”

“मग दुपारी?”

“दर दोन तासाला कायबाय द्यावंच लागतंय. पयला घास माझा. दिसभर तोंड चालूच की माझं.” आक्काताई हसल्या. सुजलेल्या चेहऱ्यावर हसू सावकाश पसरलं.

डॉक्टर हसल्या नाहीत. “तुमच्या हृदयाभोवती पाणी धरलंय. असंच चाललं तर त्यांच्या आधी तुम्ही जाल.”

“मग त्यास्नी कोण चारणार?”

“तेच विचारतेय मी.”

दुसऱ्या दिवशी मंदिरातून आल्यावर आक्काताईंनी गोळी पाण्याबरोबर घेतली आणि त्या स्वयंपाकघरात दाराआड बसल्या. कीर्ती सासऱ्यांपाशी बसून बेदाण्याचे भाव विचारू लागली. थोडा वेळ ते रमले. मग हात कापू लागले. कीर्तीनं दूध पुढं केलं, स्वतः पिऊन दाखवलं. त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं.

“माल कुणाचा हाय?” ते भिंतीला विचारत राहिले. “मालक कुठाय?”

आक्काताई उठल्या. “आली, आली,” म्हणत आल्या आणि त्यांच्यासमोर पेला तोंडाला लावला. कीर्तीनं घड्याळाकडं पाहिलं. तास व्हायला अजून अवकाश होता. त्या घरात पुन्हा तो विषय निघाला नाही.

थंडीच्या दिवसांत बाळगोंडा झोपेतच गेले. लेक धवल साताऱ्याहून आला, राहिला आणि परत नोकरीवर गेला. आक्काताई नेहमीच्या वेळी मंदिरात जात. येताना बोटावर गंधोदक आणत, आणि दारात आल्यावर ते आपल्याच कपाळाला पुन्हा एकदा लावत. गोळी पाण्याबरोबर घेऊन रिकाम्या पलंगासमोर बसत. ओट्यावरच्या दुधावर साय धरायची. हाक यायची नाही.

उन्हाळ्यात कीर्ती त्यांना पुन्हा सांगलीला घेऊन गेली.

“सूज उतरली की,” डॉक्टर शरयू खुशीत म्हणाल्या. “आवाजही मोकळा झालाय. कसं जमवलंत शेवटी?”

“आता सकाळची घाई न्हाई,” आक्काताई म्हणाल्या.

डॉक्टरांनी कीर्तीकडं पाहिलं. कीर्ती खाली बघत होती. डॉक्टरांनी रिपोर्टचं पाकीट उघडलं.

टीएसएच २.८.