पिसांचे पोते

"तुझे वडील भिंतीवर लावलेत," अंगावरची शाल न काढताच आई म्हणाली. "बाजाराच्या कोपऱ्यावर. पोरं नेम धरून थुंकतायत. खाली काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही, पण थुंकणं कळतं."

इग्नाट्स लुस्तिगने हातातला पाव खाली ठेवला. आईने चुलीवर टांगलेले, धुराने तपकिरी झालेले, साप्ताहिकातल्या वडिलांच्या चित्राचे कात्रण उतरवले आणि त्याच्या देखत चुलीत घातले. वडिलांचे दुसरे चित्र घरात नव्हते. फोटो त्यांनी मरेपर्यंत कधी काढलाच नाही.

कोपऱ्यावर निवडणुकीचे पत्रक होते. पोत्याखाली वाकलेला फेरीवाला; पोत्याच्या तोंडातून नाणी सांडत होती आणि खाली 'देश कोण उचलून नेतो आहे, पाहा' असा मजकूर होता. टोपी, वाकलेली पाठ, किलकिले डोळे इग्नाट्सने स्वतः छपाईच्या लाकडी ठोकळ्यावर कोरलेले होते. नाणी त्याची नव्हती. तिथे मूळ लाकूड काढून नवा तुकडा बसवला होता. तो सांधा केसाएवढ्या पांढऱ्या रेघेसारखा छापून आला होता.

वडील खेडोपाडी फिरून हंसांची पिसे गोळा करीत. पिसांना वजन नसते. ते वाकत वाऱ्यामुळे. फुगलेले पोते वाऱ्यात शिडासारखे ओढी. हे ज्याला ठाऊक, त्याला मूळ चित्र पाहून हसू येई, आणि ते जिथे छापले होते त्या, इग्नाट्सचा मालक ब्राखफेल्ड याच्या विनोदी साप्ताहिकाच्या निम्म्या वाचकांना ते ठाऊक होते. बुडापेस्टमधल्या यहुदी घरांतूनच ते साप्ताहिक सर्वांत जास्त खपे.

नाक मात्र वडिलांचे नव्हते. शिकाऊ असताना त्याने जे नमुने गिरवले, ते जर्मन मुलखातून आलेले जुने तक्ते होते. सावकार असो, वैद्य असो वा भिकारी, यहुदी म्हटला की तेच गळाच्या आकड्यासारखे नाक आणि तोच लोंबता ओठ. त्या नाकावाचून वाचक ओळखणार नाही, असा छापखान्यात सर्वांचाच समज होता. त्याचाही होता.

"त्या पक्षाला मी चेहरा विकला, मत नाही विकलं," छापखान्यात ब्राखफेल्ड म्हणाला. तो स्वतः यहुदी होता आणि दर शनिवारी न चुकता प्रार्थनेला जाई. "अरे, आपणच हसत होतो की! माझी सासू तर पोट धरून हसायची."

"सासूबाई थुंकत नव्हत्या, साहेब. ठोकळा द्या. मी तो घासणार आहे."

ब्राखफेल्डने चष्मा काढला. कोरणाऱ्याने आपली सही असलेला ठोकळा रंधा मारून कोरा करायचा, दुसऱ्या कुणी त्याला रंधा लावायचा नाही, ही छापखान्याची जुनी रीत. महागडे लाकूड वाचावे म्हणून पडलेली. मालकाच्या मर्जीविरुद्ध तिचा वापर आजवर कुणी केला नव्हता.

"घासून काय होणार? त्यावरून ओतलेल्या शिशाच्या प्रती गावोगाव गेल्यात."

"शिसं झिजतं. झिजलं की नवी प्रत ओतायला इथंच येतील."

"प्रतीवरूनही प्रत ओतता येते, शहाण्या! जरा पुसट येईल, एवढंच. नाक तर ओळखू येईलच."

ब्राखफेल्डचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बिनचूक होते. "येऊ दे पुसट," इग्नाट्स म्हणाला. "निदान माझ्या हातची तरी नसेल." त्याने फळीवरून ठोकळा काढला आणि रंधा लावला. आधी नाणी गेली, मग टोपी, मग डोळे. डोळ्यांपाशी हात क्षणभर थांबला, एवढेच.

"घेऊन जा तो," ब्राखफेल्ड खुर्चीतून न उठता म्हणाला. "तुझी हत्यारंही ने."

"ती मी आधीच बांधलीत, साहेब."

रविवारी दुपारी खिडकीशी बसून त्याने कोऱ्या ठोकळ्यावर पेन्सिल टेकवली. आई समोर बसली. डोळे जमले. वाऱ्याने फुगलेले पोतेही जमले.

"नाक कसं होतं गं त्यांचं?"

"साधं. थंडीत लाल व्हायचं." आई पुढे वाकली. "हे काय काढलंस?"

त्याने पाहिले. आई बोलत असतानाच त्याच्या हाताने रेघ ओढून टाकली होती. तक्त्यावरच्या नाकाचा तोच आकडा, सफाईदार, एका झटक्यात.

"मला काय विचारतोस?" आई म्हणाली. "त्यांचं नाक तुझ्याच तोंडावर आहे."

इग्नाट्सने डाव्या हाताच्या बोटाने स्वतःचे नाक कपाळापासून शेंड्यापर्यंत चाचपले. ते सरळ होते. बोट तिथेच ठेवून त्याने ती रेघ घासून टाकायला उजव्या हाताने रंधा पुन्हा उचलला.